दर उल्केमागे

१

शकीला मणियार नाशिकच्या एका कॉलेजात भूगोलाच्या प्रयोगशाळेत अठरा वर्षं काम करत होती. पर्जन्यमापक पुसायचे, नकाशे गुंडाळून कपाटात ठेवायचे, मुलांनी बिघडवलेली होकायंत्रं जुळवायची. आकाशाशी तिचा संबंध आला तो अलीकडे. विभागातल्या सरांनी रात्रीच्या आकाशाचा उजेड मोजायचं काम हाती घेतलं आणि मीटर शकीलाच्या हातात दिला. कारण ती आकडे चुकवत नाही, हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं.

मीटर म्हणजे तळहातात मावणारी काळी डबी. डोक्यावर धरायची, भिंग आकाशाकडे करायचं, बटण दाबायचं. आकडा जितका मोठा, तितका अंधार जास्त. पंचवटीत, दिव्यांच्या झगमगाटात, अठरासुद्धा भरत नसे. सिन्नरच्या बाहेर वीस. पेठच्या डोंगरात मात्र एकवीस पूर्णांक चार. आणि भिंगावर झाकण ठेवून बटण दाबलं तर चोवीस. चोवीस म्हणजे मीटरच्या पुढ्यात आकाशच नाही.

डिसेंबरात सरांनी नवाच प्रश्न काढला. "उल्का पडतात तेव्हा आकाश उजळतं का? एका रात्रीत शे-दोनशे पडल्या तर मीटरला काही कळतं का?"

"काय येईल सर उत्तर?"

"बहुधा काहीच कळणार नाही. पण काहीच कळत नाही, हेसुद्धा आकड्यात दाखवावं लागतं. चौदा तारखेच्या रात्री सगळ्यात जास्त पडतील. तुम्ही अकरा तारखेलाच जा."

म्हणून शकीला दोन मीटर, एक वही आणि नवऱ्याचं जाड जाकीट घेऊन पेठच्या पुढच्या एका पाड्यावर पोचली. तिथल्या बहिरू आणि कुसाबाईकडे ती आधी दोनदा राहून गेली होती. त्यांचं घर पाड्यापासून जरा लांब, माळावर एकटं होतं. विटांचं, वर सपाट स्लॅब. नाचणीची कापणी झालेली, माळ मोकळा. नोंदी घ्यायला याहून चांगली जागा मिळाली नसती.

२

पहिली रात्र सरळ गेली.

आठ वाजता जेवण झालं. नऊ वाजता बहिरू शिडी लावून स्लॅबवर चढला. पाड्यावर मोबाईलला रेंज नव्हती, ती मिळायची फक्त त्यांच्या स्लॅबवर. त्यांची मुलगी निकिता नाशिकला नर्सिंग शिकत होती आणि हॉस्टेलमध्ये नऊनंतर फोन हातात मिळे. बाप रोज नऊ वाजता वर जाई, दहा मिनिटं बोले आणि खाली येऊन कुसाबाईला सगळं पहिल्यापासून सांगे.

त्याच्यामागून शकीला वर गेली. तिनं इसाकला फोन केला.

"खाना झाला का?" इसाकनं विचारलं. दूध बाजारात त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकान बंद करताना तो नेहमी हेच विचारी.

"झाला. नाचणीची भाकरी, उडदाची आमटी."

"थंडी?"

"तुमचं जाकीट आहे."

मग तिनं एक मीटर स्लॅबच्या कठड्यावर ठेवला. तो आपला आपण दर मिनिटाला नोंद करत राही. दुसरा हातात घेऊन ती सतरंजीवर उताणी पडली. दर दहा मिनिटांनी आकडा, उल्का दिसली की वहीत एक उभी रेघ. एकवीस पूर्णांक चार. एकवीस पूर्णांक चार. रात्री एकपर्यंत अकरा रेघा झाल्या आणि आकडा तसूभर हलला नाही. सर म्हणाले तसंच.

३

दुसऱ्या रात्री साडेदहाच्या सुमाराला पश्चिमेकडे एक लांबलचक उल्का गेली. शकीलानं रेघ मारली आणि सवयीनं बटण दाबलं.

एकवीस पूर्णांक पाच.

तिनं पुन्हा दाबलं. पाच. ठीक आहे, एवढा फरक पडतो. पाऊण तासात आणखी चार उल्का पडल्या, आणि आकडा एकवीस पूर्णांक नऊवर गेला. तिनं वही बॅटरीखाली धरून नीट वाचली. दर उल्केमागे आकडा थोडा चढत होता. उल्का पडली की आकाश उजळतं का, हे पाहायला ती आली होती. इथं उल्का पडली की आकाश काळं होत होतं.

तिनं घाई केली नाही. भिंगावर दव असेल म्हणून फडक्यानं पुसलं. मीटर गार पडला असेल म्हणून जाकिटात धरून ऊब दिली. विरळ ढग असतील. शहरात ढग आले तर आकाश उजळतं, रानात आले तर काळं होतं, हे तिला माहीत होतं. पण ढग असते तर चांदण्या पुसट दिसल्या असत्या. वर तर चांदण्या होत्या, खच पडला होता. कठड्यावरचा मीटर पाहिला. तोही बावीसला टेकला होता.

मग ती शिडी उतरून माळावर चालत गेली. दोनशे पावलांवर थांबून बटण दाबलं.

एकवीस पूर्णांक चार.

घराकडे परत येताना दर दहा पावलांनी आकडा घेतला. मोहाच्या झाडापाशी पाच, गोठ्याशी सात, अंगणात आठ, शिडी चढून स्लॅबवर बावीस. आकाश सगळीकडे तेच होतं. अंधार फक्त घरावर होता.

त्या रात्री तिनं पुढच्या नोंदी माळावर उभं राहून घेतल्या. सतरंजी वर राहिली होती. ती आणायला ती गेली नाही, आणि का गेली नाही हे तिनं स्वतःला विचारलंही नाही.

४

सकाळी कुसाबाई दोरीवरचं लुगडं चाचपत होती.

"बाय, हे रातभर बाहेर ऱ्हायलं. बघ, कोरडं ठाक. डिसेंबरात आसं कदी झालं नाय."

"दव नसेल पडलं," शकीला म्हणाली.

"पडलं नाय कसं? हे आत्ता वावरातून आले, गुडघ्यापतुर भिजून."

शकीला चहाचा कप हातात घेऊन अंगणात उतरली. अंगणातली माती भुरभुरीत होती. ती चपला काढून अनवाणी चालत गेली. गोठ्याच्या थोडं पुढं तिचा पाय एकदम ओल्या गवतात पडला, आणि गारठ्यानं तिच्या अंगावर काटा आला. मागं एक पाऊल, कोरडं. पुढं एक पाऊल, ओलं. ती त्या कडेकडेनं चालत घराला वळसा घालून आली. कड सरळ नव्हती. कुठं आत शिरत होती, कुठं लांब बाहेर जात होती.

प्रयोगशाळेतल्या पोरांना ती दरवर्षी सांगायची की दव उघड्यावर पडतं. झाडाखाली पडत नाही, मांडवाखाली पडत नाही. वर काही असलं की खाली दव पडत नाही.

तिनं वर पाहिलं. निळंभोर, स्वच्छ आकाश होतं. एक घार फिरत होती. घार माळावर गोल गोल फिरत घराच्या बाजूला आली, की पंख एकदम तिरपे करून वळत होती. शकीलानं सात वेळा मोजलं. सातही वेळा तिथंच.

५

दुपारी ती स्लॅबवर गेली ती सरांना फोन करायला. उन्हात वर जायला तिला भीती वाटली नाही, किंवा वाटली तरी तिनं ती दाबून टाकली.

"यंत्रदोष," सर म्हणाले.

"दोन्ही मीटरमध्ये, सर? आणि माळावर बरोबर?"

"मग स्लॅबमधून ऊब येत असेल. मणियार मॅडम, उद्याची रात्र वर्षातून एकदा येते. ती चुकवू नका."

तिला हे पटवून घ्यायचं होतं. म्हणून संध्याकाळी तिनं बहिरूकडून एक लांब बांबू मागून घेतला. शेंड्याला आपोआप नोंद करणारा मीटर सुतळीनं बांधला.

"काय मासं धरायचं काय वरचं?" बहिरू हसला.

"ऊब नडतेय म्हणे. जरा उंचावरून मोजते."

रात्री दहाच्या सुमाराला ती स्लॅबवर गेली. सतरंजी कालच्या जागीच होती. एक उल्का पडली, मग दुसरी. बांबू दोन्ही हातांनी धरून तिनं उभा केला, शंभरपर्यंत आकडे मोजले आणि खाली घेतला. मीटरची काच अंगठ्यानं पुसून तिनं नोंद वाचली.

चोवीस.

सुतळी भिंगावर आली असेल. तिनं पाहिलं, आली नव्हती. म्हणजे झाकण लावल्यावर येतो तो आकडा दोन पुरुष उंचीवर येत होता. कंबरेपाशी धरला तर बावीस पूर्णांक सहा, डोक्यावर धरला तर तेवीस. जितकं वर जावं तितकं काळं. जे काही होतं ते आकाशात नव्हतंच. ते बांबूच्या टोकाशी होतं.

शकीलानं मान वर केली. तिला वाटलं, मी मूर्ख आहे, या बघ चांदण्या. होत्या. तिला फारसे तारे ओळखता येत नसत, पण मृग कुणालाही ओळखता येतो. रात्रीच्या या वेळी तो पूर्वेकडून चांगला वर आलेला असतो. तिनं मृगाचे तीन तारे शोधले. मग कृत्तिका शोधल्या. मग नुसतं ओळखीचं काहीतरी.

वर शेकडो ठिपके होते. त्यांतला एकही तिच्या ओळखीचा नव्हता. आणि एकही लुकलुकत नव्हता.

ती बांबू तिथंच आडवा टाकून, पाठ न फिरवता, शिडीपर्यंत सरकत आली. माळावर पोचल्यावर तिनं मागं वळून पाहिलं. मृग घराच्या पलीकडे, होता तिथं, स्वच्छ चमकत होता.

६

चौदा तारखेला सकाळीच तिनं बहिरूला सांगून टाकलं. आकडे, दव, मृग, सगळं. तो ऐकत राहिला. कुसाबाई चुलीपुढून उठली नाही, पण भाकरी थापायचा तिचा हात थांबला होता.

"ताई, तुमी शिकलेल्या," बहिरू शेवटी म्हणाला. "मी वर रोज जातो. मला तर काय दिसलं नाय."

"मलाही दिसलं नाही, बहिरूदादा. मीटरला दिसतंय. आणि दर उल्केमागे ते खाली येतंय. आज शंभर पडतील, दोनशे पडतील. आज रात्री आपण तिघंही पाड्यावर जाऊ या."

"गुरं हायेत. आन निकीचा फोन? परवापासून ताप हाय तिला. काल बोलताना खोकत व्हती."

"एक दिवस नाही बोललात तर?"

बहिरूनं तिच्याकडे नुसतं पाहिलं. आपण काय मागितलं हे शकीलाला त्या नजरेनं कळलं.

कुसाबाई म्हणाली, "मी सांगते त्यास्नी. झटक्यात बोलून खाली येतील."

पाड्यावरून पेठला जीप जाते ती सकाळी सातला. ती गेली होती. शकीला जाऊ शकत नव्हती. आणि खरं सांगायचं तर, गेली असती तर पुढं तिला स्वतःचं तोंड आरशात पाहवलं नसतं.

७

आठ वाजल्यापासून उल्का सुरू झाल्या. आधी एखाददुसरी, मग मिनिटाला एक. शकीला अंगणाच्या टोकाला, गोठ्यापाशी उभी होती. रेघा मारायचं तिनं सोडून दिलं होतं. ती नुसती मीटर डोक्यावर धरून बटण दाबत होती. बावीस. बावीस पूर्णांक तीन. सहा. परवा रात्री इथं एकवीस पूर्णांक सात होता.

नऊ वाजता बहिरू शिडी चढला.

"हां, निकी, बोल बाय. ताप कसा हाय?"

माळावर वारा होता. नाचणीचं वाळकं काड सळसळत होतं. घरावर मात्र काही हलत नव्हतं आणि बहिरूचा आवाज दाबून यावा तसा येत होता, गोधडीत तोंड घालून बोलणाऱ्या माणसासारखा. शकीला मनात म्हणत होती, दोन मिनिटं. फक्त दोन मिनिटं.

तेवढ्यात पूर्वेकडून ती मोठी उल्का आली.

तिला आवाज नव्हता. माळ दिवसासारखा पांढरा झाला. गवताची काडी न् काडी दिसली, गोठ्याच्या कुडाच्या भेगा दिसल्या. मोहाच्या झाडाची सावली जमिनीवर पडली, आणि उल्का पुढं सरकली तशी ती सावली दार उघडावं तशी फिरली. गोठ्याची फिरली. शकीलाची स्वतःची सावली तिच्या पायाभोवती फिरून गेली.

एक सावली फिरली नाही.

ती घरावर होती आणि घराभोवती अंगणभर पसरली होती. तिची कड शकीलाच्या पायापासून हातभर अंतरावर होती. चहूकडे लख्ख उजेड असताना स्लॅबच्या काठाशी उभा असलेला बहिरू कोळशासारखा काळा दिसत होता. कानाला फोन, तोंड किंचित उघडं. आणि शकीला पाहत असतानाच त्या सावलीची कड हलली. काहीतरी अलगद उचलायचं असलं की बोटं जवळ येतात, तशी ती सगळ्या बाजूंनी घराकडे आवळत चालली.

बहिरू उल्का बघायला मान वर करत होता.

'वर बघू नका' म्हटलं तर माणूस आधी वरच बघतो. हे शकीलाला कसं सुचलं, देव जाणे. ती जिवाच्या आकांतानं ओरडली, "बहिरूदादा, कुसाबाई पडल्या! चुलीत पडल्या! धावा!"

बहिरूची मान खाली आली. फोन त्याच्या हातातून सुटला. शिडीच्या दोन दोन पायऱ्या सोडत तो खाली आला आणि दारात उभ्या असलेल्या कुसाबाईवर आदळला. शकीला मागून धावत आली. दोघांना आत ढकलून तिनं दार लावलं आणि कडी घातली. बाहेर पुन्हा अंधार झाला होता.

"ही तर धड हाय!" बहिरू धापा टाकत म्हणाला. "ताई, आसं का—"

कुसाबाईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. ती छताकडे बोट दाखवत होती.

आधी काहीच नव्हतं. मग छताच्या मधोमध गिलाव्याची एक पापडी सुटली आणि कुसाबाईच्या परातीत टप्पकन पडली. मग बारीक धूळ, एकसारखी, चाळणीतून गाळल्यासारखी. पाऊल वाजलं नाही, ओरखडा आला नाही. फक्त स्लॅबच्या आतलं लोखंड हळूहळू कुरकुरलं. बाजेवर कुणी जाड माणूस बेतानं बसावा, आणि बसल्यावर जरा आरामात सैलावावा, तसं.

वर, कुठंतरी, पडलेल्या फोनमधून निकिताचा बारीक आवाज येत होता. "बाबा? बाबा? बोला ना." ती खोकली. पुन्हा म्हणाली, "बाबा?"

बहिरू उठला. दोघींनी त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. थोड्या वेळानं तो आवाज थांबला. पोरीनं फोन ठेवला की आणखी काही झालं, हे खाली बसलेल्या तिघांना कळायला मार्ग नव्हता.

धूळ पहाटेपर्यंत पडत राहिली.

८

उजाडल्यावर त्यांनी गुरं सोडली आणि तिघंही वर न पाहता पाड्यावर गेली. सातच्या जीपनं पेठ. पेठला उतरल्या उतरल्या शकीलाच्या मोबाईलवरून बहिरूनं निकिताला फोन लावला. ती बरी होती. वडिलांचा फोन मधेच का तुटला, एवढंच विचारत होती. बहिरू रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसला आणि "काय नाय बाय, काय नाय," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. दोघं नवराबायको कुसाबाईच्या भावाकडे राहायला गेली.

शकीलानं सरांना वही दिली. बांबूचा मीटर हरवला म्हणून सांगितलं. सरांनी वही चाळली.

"दव बसलंय भिंगावर, दुसरं काय. हे आकडे काढून टाकू. उल्का पडल्यानं आकाशाच्या उजेडात मोजता येईल असा फरक पडत नाही, एवढं लिहू."

"हो, सर," शकीला म्हणाली. तिला खरोखर हायसं वाटलं.

इसाकला तिनं सगळं सांगितलं. तो हसला नाही. त्यानं तिचा हात हातात घेतला, आणि त्या दिवसापासून रात्री दुकान बंद करून लवकर घरी यायला लागला.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी बहिरूचा फोन आला. तो पाड्यावर जाऊन आला होता, उजाडल्या उजाडल्या, कुसाबाईला आणि चार माणसांना घेऊन.

"घर हाय, ताई. भिंती हायेत. स्लॅब तेवढा वाकलाय मधोमध, परातीसारखा. पन फुटला नाय. गवंडी म्हनतो, आसा स्लॅब वाकत नाय, फुटतो."

"आणि... आता?"

"आता तितं काय नाय. दव पडतंय. कुसानं पाय लावून बघितला. आमी नवं घर बांदतोय. पाड्यातच, लोकांत. कौलारू."

"स्लॅब नाही घालत?"

"गवंडी तेच म्हनला, घरकुलाच्या योजनेत स्लॅब भेटतो, कौलं कशाला. पन कुसा ऐकत नाय. ती म्हनते, छप्पर उतरतं पायजे आन कच्चं पायजे. वरून बगनाऱ्याला कळलं पायजे का इतं बसाया जागा नाय."

फोन ठेवल्यावर शकीला बराच वेळ खिडकीशी उभी होती. त्यांचा फ्लॅट पाचव्या मजल्यावर होता. खाली द्वारका चौकापासून थेट पंचवटीपर्यंत शहर पसरलं होतं. दिवेलागण झाली होती. कुठं पोरं पतंग उतरवत होती, कुठं बायका कपडे काढत होत्या, कुठं कुणी हवा खात फोनवर बोलत येरझारा घालत होतं.

नजर पोचेल तिथवर नुसत्या गच्च्या होत्या. सपाट, रुंद आणि पक्क्या.